‘थांबलेले’ नावाचं फोल्डर

‘नियमकाका’ हे नाव त्यांना लॅबमधल्या पॉलिशवाल्याने ठेवलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण काकांना ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात थोडं आवडतही होतं. दातांच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये ते एकोणीस वर्षं कवळ्या बनवत होते. मेण कोरायची सुरी जागच्या जागी, ब्रश धुऊन उलटा, आणि प्रत्येक पेशंटच्या तोंडाचं स्कॅन दोन ठिकाणी जपून, असा त्यांचा शिरस्ता होता. जबड्याचं माप स्कॅनरने घ्यायला लागल्यापासून प्लास्टरचे साचे ठेवणं बंद झालं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात जागा कमी, त्यात फक्त चालू काम मावायचं. बाकी सगळं बाहेरून जोडायच्या हार्ड ड्राइव्हवर. म्हणून काकांनी सगळ्यांना दम दिला होता, “एक ड्राइव्ह म्हणजे एकही नाही. दोन म्हणजे एक.”

दुसरा ड्राइव्ह आणायला लॅबच्या मालकीणबाईंनी त्यांनाच पाठवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

दुकानदार बोलका होता. जुना ड्राइव्ह आत तबकडी फिरणारा असतो, नव्यात काही फिरतच नाही, म्हणून तो पळतो, हे त्याला पटवून द्यायचं होतं. त्याने एक ट्रक चालवायचा गेम आधी जुन्या ड्राइव्हवरून लावला. ट्रक निघाला, पण पुढचा रस्ता उमटेचना, झाडं हवेतून टपकल्यासारखी उगवत होती. मग तोच गेम नव्यावरून लावला. डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर ओला घाट, लांबच लांब उतार, बाजूला दरी. “घ्या, चालवून बघा,” दुकानदार म्हणाला.

काकांनी चालवून बघितला. बावन्न वर्षांचा माणूस, दिवसभर तांदळाएवढ्या दातावर नजर रोवून बसणारा. त्या रस्त्याला शेवट नव्हता, आणि त्यावर कोणी काकांची वाट बघत नव्हतं. ते अर्धा तास तिथेच उभे राहिले. घरी जाताना त्यांना स्वतःचंच हसू आलं, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो गेम विकत घेतला.

घरच्या कॉम्प्युटरला तो झेपेना. लॅबचा मात्र दात डिझाइन करायला म्हणून ताकदीचा घेतलेला. रविवारी लॅब बंद असायची आणि किल्ली काकांकडे होती. “काम साचलंय,” असं त्यांनी बायकोला सांगितलं. ती बिचारी डबा भरून द्यायची, वर शेजारणींना कौतुकाने सांगायची, “आमच्यांना रविवारसुद्धा सुटत नाही.” तेव्हा काका पायातल्या चपलांकडे बघायचे.

आधी त्यांनी गेम जुन्या ड्राइव्हवर टाकला. चालला, पण रडतखडत. वळणावर ट्रक अडायचा, चित्र थिजायचं, आणि काका खुर्चीत चुळबुळायचे. नव्या ड्राइव्हवर टाकावा तर तिथे पुरेशी जागा नव्हती. गेम अवाढव्य. वर त्याचे नवे नवे रस्ते यायचे, तेही अवाढव्य. एका रविवारी काकांनी नव्या ड्राइव्हवरची फोल्डरं तपासली. सगळ्यात मोठं होतं ‘थांबलेले’. ज्या पेशंटांचं ऑपरेशन व्हायचं होतं किंवा जखम भरायची होती, त्यांची स्कॅन त्यात होती. अडतीस माणसं. जुन्या ड्राइव्हवर त्यांची प्रत होतीच. काकांनी मनाशी म्हटलं, ‘नवीन आणखी एक घेऊच की पुढच्या महिन्यात.’ आणि ते फोल्डर पुसून टाकलं. कॉम्प्युटरवरचा कचऱ्याचा डबाही रिकामा केला, कारण नाहीतर जागा होत नव्हती.

त्या दिवशी ट्रक पाण्यासारखा पळाला.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी काका उतारावर असताना दाराशी किल्ली खडखडली. दोन्ही ड्राइव्ह टेबलावर जोडलेले होते, कारण गेमचे काही जुने रस्ते अजून त्या फिरणाऱ्या ड्राइव्हवरच होते. त्यांनी घाईघाईत गेम बंद केला, दोन्ही वायरी उपटल्या आणि ड्राइव्ह हाताच्या एका फटक्यात उघड्या ड्रॉवरमध्ये लोटले. जुना ड्राइव्ह आत दण्‌कन आपटला. आतली तबकडी अजून फिरत होती. तिचा बारीक आवाज त्यांना ऐकू आला आणि मग एकदाच खर्र झालं.

मालकीणबाई विसरलेला चष्मा न्यायला आल्या होत्या. काकांना बघून त्या दारातच थांबल्या. “काका, रविवारीसुद्धा? अहो, घरी जा.” मग जाता जाता म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून लॅब चालते.”

सोमवारी सकाळी जुना ड्राइव्ह लावला तर कॉम्प्युटर त्याला ओळखेना. आतून टक, टक, असा आवाज येत होता, बस. दुरुस्तीवाल्याकडे पाठवला, त्याने दोन दिवसांनी फोन केला. मालकीणबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“तबकडीवर ओरखडा गेलाय. यातून काही निघणार नाही. चालू असताना पडला होता का?”

“पडला?” मालकीणबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी खोलीत कोण आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. झाडलोट करणाऱ्या मावशी. टेबलं पुसायचं काम त्यांचंच.

मावशी दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. “मी ड्रॉवरला हात लावत नाही,” त्या म्हणाल्या. “वरून पुसते फक्त. आणि फडकंसुद्धा कोरडं असतं माझं.”

“मावशी, कोणी रागावत नाहीये,” मालकीणबाई म्हणाल्या, पण आवाजात राग होता.

पॉलिशवाला खाली मान घालून पॉलिशची मोटर पुसत बसला. सगळे काकांकडे बघत होते, कारण ड्राइव्हचं खातं काकांचं. तो क्षण काकांना पुढे कितीतरी वेळा आठवला. तेव्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्यांच्या तोंडून मायेचं एक वाक्य निघालं.

“जाऊ द्या मॅडम. त्यांनी काही मुद्दाम नाही केलं.”

झालं. त्या एका वाक्याने मावशींवर शिक्का बसला. मावशींनी काकांकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नवल होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना आतल्या खोलीत यायला मनाई झाली, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या यायच्याच बंद झाल्या.

“आणि नव्या ड्राइव्हवरची प्रत?” मालकीणबाईंनी विचारलं होतं. काका म्हणाले, “त्यातलं एक फोल्डर उघडत नाहीये, बघतो.” खोट्याला खोट्याचा टेकू. नवा ड्राइव्ह त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकला. घरी भरलेलं ताट तसंच ठेवून उठले. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात त्या अडतीस जणांतल्या टेलरबाई आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, ब्लाउज शिवणाऱ्या, ताठ बसणाऱ्या. जबड्याच्या ऑपरेशनआधी त्यांचे सगळे दात काढायचे होते, म्हणून आधी या खोलीत स्कॅन घेतलं होतं. तेव्हा काकांनीच त्यांच्या दाताचा रंग जुळवून बघितला होता. समोरचा एक दात शेजारच्यावर जरा चढलेला होता. “तो तसाच करा हं,” त्या म्हणाल्या होत्या. “चाळीस वर्षं त्याच्याखाली दोरा तोडलाय मी. सरळ केलात तर मला माझं तोंडच ओळखू यायचं नाही.” काकांनी हसून शब्द दिला होता.

आता त्यांचं तोंड दोन बोटांएवढंच उघडत होतं आणि आत एकही दात नव्हता. मालकीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की स्कॅन गेलं, साफसफाईत ड्राइव्ह पडला.

टेलरबाई थोडा वेळ पदराचा काठ चाचपत राहिल्या. मग ओठांतल्या ओठांत, सांभाळून बोलल्या. “त्या बाईला फार बोलू नका. काम करणाऱ्या हातूनच चुकतं.”

“काकांनी तर तिची बाजूच घेतली,” मालकीणबाई म्हणाल्या.

टेलरबाईंनी काकांकडे बघून मान हलवली. “भला माणूस आहात तुम्ही.”

त्या जिना उतरायला लागल्या आणि काका हातातली सुरी टाकून मागे धावले. मधल्या वळणावर त्यांनी टेलरबाईंना गाठलं.

“ताई, थांबा. ड्राइव्ह मावशींनी नाही पाडला. मी पाडला. आणि दुसरी प्रत होती ती मी पुसली. गेम ठेवायला जागा पाहिजे होती म्हणून.”

टेलरबाईंनी कठड्याला धरलं. “कसला गेम?”

“ट्रक चालवायचा.”

“मग कुठवर पोचलात?”

“कुठंच नाही,” काका म्हणाले.

“मला सांगून मोकळे होऊ नका,” टेलरबाई म्हणाल्या. “जिने बोलणी खाल्ली, तिला सांगा.” आणि एकेक पायरी बघत खाली गेल्या.

काका वर आले ते थेट मालकीणबाईंच्या टेबलापाशी. पिशवीतून नवा ड्राइव्ह काढून समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, रविवारसकट. मालकीणबाईंनी स्वतः तो जोडला आणि उघडून बघितला. पडद्यावर गेमचं नाव, शेजारी त्याने व्यापलेली जागा.

“हे एवढं? आणि त्या अडतीस जणांना किती जागा लागत होती?”

“याच्या निम्म्याहून कमी.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “फाइल कशी जपायची हे मी तुमच्याकडून शिकले, काका.” मग हात पुढे केला. काकांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

संध्याकाळी ते मावशींच्या घरी गेले. मावशी दारातच भाजी निवडत बसल्या होत्या, सून आत भांडी घासत होती. काकांनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. सुनेचा भांड्यांचा आवाज थांबला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि निवडलेली भाजी टोपलीत झटकली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी तिथं उभी होते तेव्हा.”

“हो.”

“आणि वर म्हणालात, मुद्दाम नाही केलं.”

मावशींनी टोपली बाजूला सारली.

“इथं कशाला सांगता मग? इथं मला कोणी काही म्हणालं नव्हतं. जिथं माझं नाव निघालं, तिथं सांगा. सगळ्यांसमोर. मी येते उद्या ऐकायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी धुतलेली साडी नेसून, झाडू न घेता आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. काकांनी मोटर बंद करायला सांगितली. पॉलिशवाला, मालकीणबाई, मेणकाम करणारी मुलगी, सगळ्यांसमोर काका बोलले. बोलताना दोनदा अडखळले. एरवी दुसऱ्यांना बोल लावताना त्यांचा आवाज कधी अडखळत नसे. पॉलिशवाल्याने एकदाही वर बघितलं नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं. बोलणं संपल्यावर मालकीणबाईंनी मावशींची हात जोडून माफी मागितली. मावशी म्हणाल्या, “एक तारखेपासून येते. पण या टेबलाला मी हात लावणार नाही. यांचं यांनी पुसावं.”

बायकोला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “खेळायचं होतं तर सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?” पुढच्या रविवारी शेजारणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “घरीच आहेत.” त्यापलीकडे एक अक्षर नाही.

अडतीस जणांना फोन करायचे होते. मालकीणबाई म्हणाल्या, “मी करते, तांत्रिक बिघाड म्हणून सांगते.” काका म्हणाले, मीच करतो. दर दुपारी ते चार-पाच फोन करायचे आणि प्रत्येकाला खरं कारण सांगायचे. काही शिव्या घालायचे. एक जण पोट धरून हसला, आणि त्या दिवशी काकांनी पुढचा फोन लावलाच नाही. सत्तावीस जणांचं माप पुन्हा घेता आलं. अकरा जणांचे दात तोवर गेलेले होते. त्यांच्याकडून काकांनी जुने फोटो मागवले, लग्नातले, ओळखपत्रावरचे, जिथे कुठे माणूस तोंड उघडून हसलं असेल ते.

टेलरबाईंनी दोनच फोटो दिले. एकात त्या अर्ध्या वळलेल्या होत्या, दुसऱ्यात मशिनीवर वाकून दोरा तोडत होत्या. काकांनी त्यावरून तो चढलेला दात चार वेळा मेणात कोरला, चार वेळा मोडला. पाचवा ठेवला. कवळी बसवायच्या दिवशी टेलरबाईंनी आरसा हातात घेतला, ओठ बाजूला केले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

“छान आहेत,” त्या म्हणाल्या. “माझ्या धाकट्या बहिणीचे असे होते.”

“पुन्हा करू का ताई?”

“नको. तुम्हाला आठवत नाही, मलाही आता नीट आठवत नाही. दोघं मिळून कितीदा कोरणार?” त्यांनी दात एकमेकांवर टेकवून बघितले. “त्या मावशी आल्या परत?”

“आल्या.”

“बोलतात तुमच्याशी?”

“नाही.”

टेलरबाईंनी आरसा परत दिला आणि पिशवी उचलली. काकांनी वहीत त्यांच्या नावापुढे तारीख लिहिली. “आठ दिवसांनी या,” ते म्हणाले. “हिरडीला कुठे टोचत असेल तर घासून देतो.”