पाटकऱ्याला न केलेला फोन

बाबा आठवडाभर आत्याकडे गेला आणि बटाट्याच्या शेताचं पाणी पहिल्यांदाच योलाइनच्या हाती आलं. सोळावं सरत आलेलं, मग काय विचारता! चाकांवर गोल फिरणारा तो पाव मैल लांबीचा फवारा ती राणीच्या थाटात चालू-बंद करायची. मंगळवारी दणकून पाऊस आला. तिने बटण दाबून फवारा थांबवला आणि स्वतःवरच खूश होऊन पॅनकेक खात बसली.

पाटाच्या पाण्याची दारं सांभाळणाऱ्या पाटकरी हृंचुककाकांना फोन करायचा मात्र राहिला. आपण पाणी घ्यायचं थांबवलं की त्यांना लगेच कळवायचं, म्हणजे ते वरचं दार खाली घेतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

दोन दिवस तिच्या वाटचं पाणी पाटाच्या शेवटाकडून तळ्यात पडत राहिलं. तळं कसलं, परातच ती! वीतभर पाणी चढलं की पन्नास पावलं काठ गिळतं. त्या काठाच्या चिखलातच पाणपक्ष्यांची घरटी होती. सगळी बुडाली.

शुक्रवारी बियाण्यांच्या दुकानात, कॉफीच्या टेबलाशी, दुसरा विषयच नव्हता.

"हृंचुक हल्ली गाडीतच घोरतो वाटतं," शेजारचा डर्क म्हणाला.

"घोरू दे की! पण निदान त्या दारावर डोकं ठेवून तरी घोर म्हणावं!" कुणीतरी जोडलं.

सगळे खो-खो हसले. योलाइनही हसली. सगळ्यांत मोठ्यांदा.

घरी जाता जाता तिने गाडी तळ्याकडे वळवली. हृंचुककाका गुडघाभर पाण्यात वाकून तरंगणारी अंडी बादलीत गोळा करत होते.

"काका, तो फोन... तो मीच करायचा होता."

"माहितेय गं. काल सकाळी तुमचा फवारा उभा दिसला, तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला? दुकानात ते तुम्हाला काय काय बोलतायत!"

"तुझा पहिला हंगाम. माझी चौतीस वर्षं झाली. मला हसले तर काय बिघडतं?" त्यांनी मिश्कीलपणे मान तिरकी केली. "तू तरी नाही ना हसलीस?"

तिच्या कानांच्या पाळ्या चटचट भाजत होत्या.

"बादली देता?" एवढंच कसंबसं म्हणाली.

दुकानात मंडळी अजून बसलेलीच होती. तिने बादली कपांच्या मधोमध ठेवली. ठिपक्यांची, थंडगार अंडी.

"फोन मी केला नव्हता," ती म्हणाली. "काका नव्हते झोपले. आणि मघाशी मीपण हसले."

डर्क आपल्या रिकाम्या कपात बघत राहिला.