आईचा कोंबडा

त्या रविवारी ब्लियाने मुलीसाठी काळी कोंबडी कापली आणि तेच हात धुऊन लाऊला मांडीवर घेऊन भात भरवला.

"आई, निदान त्याच्यासमोर तरी कापू नकोस," पाकू म्हणाली.

"का? तो काय पोलिसांत जाणार आहे?"

लाऊ म्हणजे म्हातारा. तांबड्या मानेचा, एका डोळ्याने अधू असा तो कोंबडा ब्लियाच्या मांडीवर संस्थानिकासारखा बसला होता. डोंगरातल्या त्या म्होंग लोकांच्या गावात घरोघरी कोंबड्या होत्या. त्या अंगणभर उकरत फिरत आणि पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, नवं वर्ष आलं की एकेक करून चुलीवर जात. त्यांना नावं नसत. नाव फक्त याला होतं. रात्री तो घरात, ब्लियाच्या खाटेखालच्या टोपलीत झोपायचा. पाकूला ते बघून बरं वाटे. जन्मभर कामाशिवाय कशालाही हात न लावलेल्या आईने म्हातारपणी एक तरी जीव निव्वळ मायेपोटी जवळ केला होता.

"शहरात याला पाळीव प्राणी म्हणतात," पाकूने रश्श्यातला गवती चहाचा दांडा बाजूला काढत सांगितलं. "आमच्या मुख्याध्यापिका मांजराचा वाढदिवस करतात. केक आणून."

"केक मांजर खातं?"

"आम्ही खातो."

"मग मांजराला काय मिळतं?"

"अगं, त्याला सांभाळतात ना. मरेपर्यंत."

"कोणाच्या मरेपर्यंत?"

पाकूला हसू फुटलं. "मांजराच्या, आई!"

ब्लिया हसली नाही. बोटाला चिकटलेलं शीत तिने लाऊच्या चोचीपुढे धरलं, आणि ते त्याने हलकेच टिपलं.

निघताना तिने गाडीत कोबीचे गड्डे कोंबले. "घाटात सावकाश जा. ट्रकवाले झोपेत चालवतात," ती म्हणाली. मग नेहमीसारखी पाठ फिरवून आत गेली. गाडी वळेपर्यंत दारात उभं राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकू वर्गात फळ्यावर लिहीत असताना तोंगकाकांचा फोन आला. हे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील ती लहान असतानाच वारले होते, तेव्हापासून घरचं बरंवाईट काकाच बघत.

"वहिनी गेल्या," काका म्हणाले.

"कुठे?" पाकूने विचारलं.

मग काकांनी सांगितलं, की चूल पेटवायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत.

पाकूने फोन खिशात ठेवला. फळ्यावरचं वाक्य पुरं केलं. शेवटी पूर्णविराम दिला. मुलांना म्हणाली, "लिहून घ्या." पुढचा घाटरस्ता आपण कसा चढलो, हे तिला नंतर आठवेना.

ती पोचली तेव्हा आई भिंतीलगत आडवी होती. अंगावर तिने स्वतःच कधीतरी भरतकाम करून शेवटच्या दिवसासाठी ठेवलेले कपडे होते. निळ्या कापडावरचा लाल टाका इतका बारीक, की पाकू वाकून तोच बघत राहिली. चुलीवर कालच्या रश्श्याचं भांडं तसंच होतं. ढोल वाजत होता. उशाशी म्हातारे छाय बसले होते. गावातल्या मेलेल्या माणसाला पूर्वजांची वाट सांगायचं काम त्यांचं.

"आलीस? तुझ्यासाठीच थांबलो होतो," काका म्हणाले आणि त्यांनी खाटेखालची टोपली ओढली. लाऊचे पाय सुतळीने बांधलेले होते.

"याला कशाला बाहेर काढलंत?"

"कापायला कोंबडा नको का? वाटेत तिच्यापुढे चालायचं कुणी?"

"ते मला माहीत आहे, काका. दुसरा घ्या. अंगण भरलंय कोंबड्यांनी."

"हा वहिनींचा आहे."

"म्हणूनच म्हणते. आईचं जिवंत असं एवढंच उरलंय. हा मी नेणार."

तिने लाऊला उचललं, सुतळी सोडली आणि त्याला बाहेर गाडीत मागच्या सीटवर ठेवून दार लावून घेतलं. कुणी अडवलं नाही. लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली मुलगी या घरी पाहुणी. पाहुण्याशी हुज्जत कोण घालणार?

दुसरा कोंबडा आणला, तरणाबांड. छाय म्हाताऱ्यांनी तो ब्लियाला दाखवला आणि चिरलेल्या बांबूचे दोन तुकडे जमिनीवर टाकले. तिला चालेल का, ते याच तुकड्यांनी सांगायचं. चालणार नव्हतं. त्यांनी पुन्हा टाकले. पुन्हा नाही.

"ब्लिया, घे गं बाई," ते समजुतीने म्हणाले. "चांगला धष्टपुष्ट आहे. हट्ट कशाला करतेस?"

तुकडे परत उलटे पडले. ढोलवाल्याचा हात थबकला. बायका एकमेकींकडे न बघता पाकूकडे बघू लागल्या.

पाकूने पुस्तकं पुष्कळ वाचली होती. बांबूचे तुकडे कसेही पडतात, हे तिला कळत होतं. तरीही ती उठून बाहेर गेली आणि गाडीत लाऊशेजारी बसली.

मागोमाग काकांची बायको झोआकाकू आली. काच खाली करायची खूण करत म्हणाली, "तिने तुला कधी सांगितलं नाही?"

"काय?"

"अगं, हा तिने याच दिवसासाठी वाढवला. एवढंसं पिल्लू होतं तेव्हापासून. दर नव्या वर्षाला आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला, आता काप. ती म्हणायची, हा मला न्यायचाय. माझ्याआधी मेला तर माझी पंचाईत."

पाकूने लाऊला मांडीवर घेतलं.

"रोज भरवताना त्याला सांगायची, माझा आवाज नीट ओळखून ठेव रे, तिकडे गर्दी असते."

"मला वाटलं, ती लाड करते त्याचे."

"लाडच की! लाडाचा नसला तर तिकडे तिच्यासाठी वाट कशाला बघत थांबेल?"

लाऊने मान वाकडी करून चांगला डोळा पाकूकडे वळवला. त्याच्या चोचीला कालचं शीत वाळून चिकटलं होतं. म्हणजे काल, परवा, सगळी वर्षं, मांडीवर घेताना आईला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिने त्याला भरवलं होतं. की ठाऊक होतं म्हणून?

शहरातल्या निवासी शाळेची गाडी आली, तेव्हा पाकू आठ वर्षांची होती. त्याआधीचा महिनाभर आई रोज तिची वेणी घालून देई, बटाटा सोलून हातावर ठेवी, आणि रोज संध्याकाळी तिचा नवा घागरा भरत बसे. गाडी सुटली तेव्हा आई पाठ फिरवून आत गेली. पोरीला शिकायची भारी हौस, असं सगळे म्हणत. पुढे पाकूही तसंच सांगू लागली. एवढी माया असलेला हात असा पाठवून कसा देतो, हे तिला कधी उमजलं नव्हतं.

तिने लाऊला छातीशी धरून आत आणलं. तो धडपडला नाही. अंगाने गरम होता. छाय म्हाताऱ्यांच्या हातात देताना तिला बोटं सोडवेनात; काकूने ती एकेक करून सोडवली.

बांबू पडले. पाकूने ते पाहिले नाहीत, काकूचा सुटकेचा सुस्कारा तेवढा ऐकला. काका कोंबड्याला घेऊन पाठमोरे झाले. पंख एकदाच फडफडले.

मग छाय म्हातारे सांगू लागले. ब्लिया, ऊन लागलं तर याच्या पंखाखाली बस. पाऊस आला तर याच्या शेपटीआड थांब. हा साद देईल आणि पलीकडून उत्तर येईल, तिथे तुझी माणसं आहेत. जिथे उत्तर नाही तिथे थांबू नकोस. मागे वळू नकोस, आता जा.

ते घोटभर पाणी प्यायला थांबले. ढोलही थांबला होता. पाकू आईच्या कानाशी वाकली, पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"आई, मला शाळेत जायचं नव्हतं. तू पाठवलंस म्हणून गेले. मला तुझ्याजवळच राहायचं होतं."