गार बॉनेट

आयझिरेकच्या वहीतला पहिला नियम लाल शाईने लिहिलेला होता, खाली दोन रेघा मारून: जुनी टर्बो गाडी बघायला गेलं की आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा प्यायचा आणि घरी परत यायचं. इंजिनाची दुखणी ते गार असतानाच बोलतात. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर तो काहीतरी लपवतोय.

असे एकवीस नियम होते. दहावीतल्या पोरीने ते गल्लीतल्या गॅरेजात हात तेलकट करून जमवले होते. तिच्या मोठ्या भावाला, उरमत बैकेला, एकाच गाडीत दोन गाड्या हव्या होत्या. आठवडाभर गाडीने त्याला तीस किलोमीटरवरच्या डेअरीत कामाला न्यायचं, आणि रविवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर, शंकूंच्या मधून, घड्याळाशी शर्यत लावायची.

"साधी घे रे. टर्बोने काय दही लवकर लागतं?" आई म्हणायची.

"गाडी आमची आयझिरेक निवडणार, मी नुसती चालवणार," असं उरमतने मित्रांसमोर जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून ही पोरगी जमिनीपासून दोन बोटं वर चालायला लागली. वर्गात बाकावर बसून तिने टर्बो कशी श्वास घेते यावर भाषण ठोकलं. गणिताचे सर दारात उभे राहून ऐकत होते म्हणे!

त्या रविवारी ते शेजारच्या गावी, गाडी विकायला काढलेल्या जोलदोश अबांकडे गेले. अंगणात गाडी उभी. गडद निळी जपानी वॅगन, उजव्या बाजूचं स्टिअरिंग, बॉनेटवर हवा आत घ्यायला नाकपुडीसारखी फट. आयझिरेकचे डोळे लकाकले. तिने बॉनेटवर हात ठेवला.

गरम होतं. चांगलं गरम.

"सकाळी नातवाला शाळेत सोडून आलो," अबा घाईने म्हणाले. लगेच हसून उरमतकडे वळले, "काय रे, ही पोरगी आहे का इन्स्पेक्टर? दहा मेकॅनिकांना बाजारात विकून येईल ही! ये बाळ, बस आत, तूच चालू कर."

बरोबर आलेले उरमतचे दोन मित्र फाटकापाशी उभे होते. तेही हसले, पण कौतुकाने. आयझिरेक आत बसली, किल्ली फिरवली. इंजिन लोण्यासारखं चालू झालं. एक्सिलेटर दाबला तशी टर्बोने शीळ घातली, आणि ती शीळ थेट तिच्या कानांतून पोटात उतरली.

उरमत खिडकीशी वाकला. "गार होती ना गं?"

"हो, बैके. गार होती."

चार शब्द. जिभेला हाडच नव्हतं. मग अबांच्या घरचा नान सगळ्यांनी तोडून खाल्ला, हात मिळाले, व्यवहार झाला. घरी येताना, अर्ध्या वाटेवर, तिच्या डोक्यात काहीतरी खट्‌कन वाजलं. नातवाला शाळेत? रविवारी?

सोमवारी सकाळी काचेवर दव गोठलं होतं. घरातल्या धाकट्याने गाडी तापवून ठेवायची, ही त्यांच्याकडची रीतच, म्हणून ती किल्ली घेऊन बाहेर आली आणि गाडी चालू केली.

टक-टक-टक-टक.

लाकडी दारावर कुणी बोटाच्या पेरांनी ठोठावावं तसं. दहा मिनिटं. मग पिस्टन तापून फुगला, सिलिंडरात घट्ट बसला आणि गप्प झाला. उरमत जोडे चढवत बाहेर आला तोवर इंजिन कसं गोड गुरगुरत होतं.

"शहाणी गं माझी," तो म्हणाला आणि निघून गेला.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. मंगळवारीही आलं असतं. पण मंगळवारी ती पावणेसहालाच उठली. बुधवारी साडेपाचला. संध्याकाळी तो डेअरीतून यायचा तेव्हा इंजिन तापलेलंच, त्यामुळे ठोका ऐकणारी सगळ्या जगात ती एकटीच. आई शेजारणींना सांगत सुटली, "भावासाठी किती जीव टाकते बघा!" जोलदोश अबांनी एकदाच गाडी तापवून फसवलं होतं. ती रोज फसवत होती.

शनिवारी दुपारी घरी माणसं जमली. नवी सून काय, नवी गाडी काय, पहिल्यांदा बघायची तर रिकाम्या हाताने बघत नाहीत. ज्याने जे आणलं ते आयझिरेकच्या हातात येत होतं, कारण निवड तिची. शेजारच्या दमीरा एजेने गिअरच्या दांड्यासाठी लोकरीची छोटीशी टोपी विणून आणली होती, लाल गोंड्याची.

"थंडीत त्याचं डोकं गारठू नये म्हणून," ती डोळे मिचकावत म्हणाली. "आणि उद्या जिंकला की टोपीचं नाव काढायचं हं, उरमत!"

"उद्या शेवटच्या वळणाला पूर्ण दाबणार, एजे. जे होईल ते होईल!"

आयझिरेकला कळत होतं काय होईल ते. सैल पिस्टन, त्यावर पूर्ण टर्बो. उद्या इंजिनाचे तुकडे, परवापासून डेअरी नाही. आणि इकडे तिच्या ओंजळीत टोपी, मिठाई, रुमाल.

आजोबा गाडीपुढे उभे राहिले. दुआ द्यायला त्यांनी दोन्ही तळवे उघडले. सगळ्यांनी उघडले. आता ते दोन शब्द बोलणार, 'ओमिन' म्हणत सगळे तोंडावरून हात फिरवणार, आणि झालं!

"आजोबा, थांबा."

"आता काय? हात वर आहेत माझे, पोरी. संधिवात आहे मला."

कुणीतरी हसलं.

"गाडी गरम होती," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "त्या दिवशी. गरम होती. मला कळलं होतं. आणि मी रोज आधी उठून... बैकेला ऐकू येऊ नये म्हणून."

गाडी सकाळपासून उभीच होती. उरमतने आत बसून किल्ली फिरवली.

टक-टक-टक-टक.

सगळं अंगण ऐकत होतं. आजोबांनी हात खाली घेतले. तोंडावरून न फिरवता, तसेच. उघडलेली दुआ अशी मिटलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. तिला वाटलं, दमीरा एजेने दोन शिव्या तरी हासडाव्यात. तिने टोपी एजेपुढे धरली.

"ठेव," एजे हळूच म्हणाली. "बघितल्याची भेट परत घेत नाहीत. बघितलं ते बघितलं."

हे शिव्यांपेक्षा वाईट होतं.

रविवारी उरमत धावपट्टीवर गेला, पण नुसता बघायला. सोमवारी तिला पाचलाच जाग आली. किल्ली खिळ्यावर होती. ती नुसती फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

साडेसहाला उरमत खांद्याला पिशवी लावून बाहेर आला. आता खचाखच मिनीबस, मार्शरुत्का, पकडायची, म्हणजे दोनदा बदलून, दीड तास. गाडीजवळून जाताना तो थांबला. हातमोजा काढला आणि गोठलेल्या बॉनेटवर तळहात टेकवला.

"गार आहे," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता रस्त्याला लागला.