ओढ्याला नदी म्हणू नये

"घरात कणीक भिजवायला पाणी नाही, आणि या लाकडाला रोज तीन मशका. कंबर गेली माझी."

असं पुटपुटत खाला माहबीबीनं पाठीवरची कातडी मशक सोडवली आणि तिचं तोंड माझ्या पायाशी मोकळं केलं. बुडबुड करत पाणी खड्ड्यात उतरलं. मी आणखी दोन बोटं बुडाले. खालानं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की लाकूड असूनही मला ओशाळल्यासारखं झालं.

मित्रांनो, मी एक जुनी मापकाठी आहे. नदीत उभं राहून पाणी किती ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझं सागवान हिंदचं. कराचीच्या एका सुतारानं मला रंधा मारला, दुसऱ्या कोणी अंगावर काळे-पांढरे पट्टे ओढले आणि फुटाफुटाला तांबडे आकडे घातले. मग उंटाच्या कुशीला बांधून, वाळवंटातून चाळीस दिवस डुलत मी सीस्तानात आले. समुद्र आणि जंगल सोडून वाळूत जायचं, याचं मला फार वाईट वाटलं होतं. पण हिरमंद नदी दिसली आणि ते वाईट वाटणं निम्मं झालं.

या नदीवरून तेव्हा दोन राज्यांचं भांडण लागलेलं होतं. या तीरावर इराणचा शहा, त्या तीरावर काबूलचा अमीर. पाणी कोणाचं आणि जमीन कुठवर कोणाची, हे दोघांनाही ठरवता येईना, म्हणून हिंदच्या फिरंगी सरकारचा एक साहेब लवाद म्हणून आला. शेकडो उंट, तंबू आणि दुर्बिणी घेऊन तो इथे दोन हिवाळे राहिला. दोन्हीकडचे म्हातारे त्याच्यासमोर शपथा घेत. एकाच बांधाचे दोन इतिहास त्यानं किती वेळा ऐकले असतील, देव जाणे. शेवटी त्यानं निवाडा दिला, की नदीचं मुख्य पात्र हीच सीमा, आणि पाण्यातला तिसरा हिस्सा या तीराचा. हिस्सा मोजायचा म्हणजे आधी पाणी मोजायला हवं. त्यासाठी गजाबाद गावासमोर मला रोवलं. फिरंग्यांनी रोवली म्हणून गावानं माझं नाव ठेवलं फिरंगीण.

माझं वाचन करायला गावातलाच दादखुदा नावाचा माणूस नेमला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. लवादाच्या मुन्शीनं त्याला नऊ आकडे आणि शून्य शिकवलं, तेवढ्या विद्येवर तो ताठ चालू लागला. रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून तो आपल्या कमरबंदानं माझ्या अंगावरचा गाळ पुसायचा, मोठ्यानं आकडा म्हणायचा आणि वहीत लिहायचा. समोरच्या तीरावरून अमिराचा माणूस ओरडून विचारायचा, "काय म्हणते तुमची फिरंगीण?"

"साडेचार. तुझ्या बायकोपेक्षा कमीच बोलते."

"खरं तरी बोलते का?"

"ते तुझ्या बायकोलाच विचार."

ते माझे चांगले दिवस होते. एका वसंतात कालव्याच्या तोंडाशी दोन्ही तीरांची माणसं फावडी उगारून उभी राहिली. दादखुदा माझ्याजवळ धावत आला आणि ओरडला, "साडेपाच." साडेपाच म्हणजे सगळ्यांना पुरेल एवढं. ते ऐकून फावडी हळूहळू खाली आली आणि माणसं घरी गेली. त्या दिवशी कोणीतरी माझ्या माथ्याला हिरवी चिंधी बांधली, पिराच्या झाडाला बांधतात तशी. लाकडाच्या जन्माला येऊन याहून मोठा मान मला माहीत नाही.

आणि नदी, मित्रांनो. तिच्याबद्दल कसं सांगू? वाहतं पाणी रोज अंगाला घासून जायचं आणि रोज ते नवं असायचं. कधी बर्फाचा गारवा घेऊन यायचं, कधी कोणाच्या तरी शेतातली माती. मी जागेवरून हलले नाही कधी, पण एकटं वाटलं नाही.

मग एका वसंतात नदी फुगली ती उतरेचना. नवव्या दिवशी वरच्या अंगाला तिनं काठ फोडला आणि वळसा घालून गावाच्या मागून, पश्चिमेकडून वाहू लागली. पूर ओसरला, पण ती परत आली नाही. माझ्यासमोर उरली ओली वाळू, मेलेले मासे, आणि माझ्या पायाशी एक डबकं. पाणबदकं उडून गेली. वेताच्या तराफ्यांवरून मासे धरणारे कोळी गेले. समोरच्या तीरावरचा माणूसही यायचा थांबला, कारण ज्याच्यावरून ओरडायचं ते पाणीच नव्हतं. राहिला तो वारा. उन्हाळ्याचे एकशेवीस दिवस तो इथे सलग वाहतो, आणि ते सगळे दिवस तो माझा रंग खरवडत राहिला.

गावाचा मुखिया शाहनजर. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळ्यांना मशिदीच्या ओट्यावर बोलावून विचारलं, "निवाडा काय आहे? नदी म्हणजे सीमा. मग आज नदी कुठे आहे?"

कोणीतरी मागच्या बाजूला बोट केलं.

"खाली कर ते बोट," शाहनजर म्हणाला. "ती नदी असली तर आपण सगळे आज अमिराचे झालो. ही मशीदसुद्धा. म्हणून मागे जे वाहतंय, तो ओढा. नदी फिरंगिणीपाशी आहे, पूर्वी होती तिथेच."

तेव्हापासून गजाबादमध्ये ओढ्याला नदी म्हणायचं नाही, असं ठरलं. ओढा नदीएवढा रुंद होता, त्यात उंट बुडत, पण तो ओढा. आणि माझ्याजवळचं डबकं, ज्यात बेडूकसुद्धा राहायला तयार नव्हता, ती नदी. दादखुदा तीन मोजून तीन सांगे. डबकं आटू लागलं तेव्हा मुखियानं बायकांना कामाला लावलं. ओढ्यातून मशका भरायच्या आणि नदीत ओतायच्या.

मी खोटं बोलले का? पाणी तीन फूट होतं आणि मी तीनच दाखवलं. तरी मला माझी लाज वाटे. दादखुदा आता माझ्याकडे न बघताच आकडा म्हणायचा, आणि तोही हळू.

जुना कालवा माझ्याच अंगानं निघत होता. तो कोरडा पडला. हिवाळ्यात गहू वर आला आणि बोटभर वाढून थांबला. नौरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, महिना उरला, तोवर शेत पिवळं पडलं होतं.

"ओढ्यातून चर खणू," दादखुदा एकदा मुखियाला म्हणाला. "चार दिवसांचं काम आहे."

"कालवा नदीतून काढतात. ओढ्यातून काढलास आणि कोणी विचारलं, एवढं पाणी देणारा हा कसला ओढा, तर काय सांगशील?"

दादखुदा फावडं खांद्यावर टाकून घरी गेला. गावात कोणी पाण्याचं नाव काढत नसे. खाला माहबीबी मात्र रोज कुरकुरायची, पण एक शब्द तीही टाळायची. टाळायला तिच्याकडे इतरांहून मोठं कारण होतं. तिची एकुलती एक लेक ओढ्यापलीकडच्या गावात दिली होती आणि तिला सातवा महिना होता. ओढा तो ओढा असेपर्यंत तराफ्यावर बसून लेकीकडे जाता येत होतं. त्याची नदी झाली, की मध्ये चौकी येणार, परवाना येणार, आणि लेकीचं गाव परमुलूख होणार.

मित्रांनो, या काळात माझी फार काळजी घेतली गेली. पायाशी दगड रचले, पुसट झालेले आकडे पुन्हा तांबडे केले. तुमच्याही घरात एखादं माप असेल. त्याला जपा, पण ते कशासाठी आहे, हे अधूनमधून विचारत जा. माझ्या पायाशी ओतलेल्या पाण्यात गव्हाचे चार वाफे जगले असते. ते पाणी तिकडे न्या, एवढं एकच मागणं मला करायचं होतं, आणि मला तोंड नव्हतं.

मग मुन्शी आला. निवाड्याप्रमाणे पाणी मिळतं की नाही, हे पाहायला तो वर्षातून एकदा येई. तो पश्चिमेकडून आला. त्याचा घोडा शेपटीपासून कानापर्यंत भिजलेला होता.

"हे पाणी कुठलं?" उतरता उतरता त्यानं विचारलं.

"ओढ्याचं," शाहनजर म्हणाला.

"घोडा पोहत आणला मी, मुखियाजी."

"यंदा जरा फुगलाय."

मुन्शीनं दादखुदाची वही चाळली. "तीन. मागच्या महिन्यात तीन. त्याच्या आधीही तीन. इतकी शहाणी नदी मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

दादखुदा आपल्या पायांकडे बघत राहिला. गावातले सगळे पुरुष जमले होते आणि प्रत्येकाला आपल्या पायांत काहीतरी दिसत होतं.

मुन्शीनं दौत काढली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघा, मी कारकून माणूस. डोळ्यांनी काय दिसतं, ते लिहायचा हुकूम मला नाही. गाव तोंडानं सांगेल ते लिहितो. काठीवर पाणी आहे, गावाला हिस्सा मिळतो, तक्रार नाही. असं लिहिलं, की पुढच्या वर्षापर्यंत कोणी इकडे फिरकणार नाही आणि कालवा आहे तसाच कोरडा राहील. लिहू?"

शाहनजरनं पिवळ्या शेताकडे पाहिलं. 

तेवढ्यात खाला माहबीबी दिवसाची तिसरी मशक घेऊन आली. ती नेहमीसारखी माझ्याजवळ वाकली, मशकेची गाठ सोडायला हात नेला, आणि तसाच ठेवला. मग तिनं भरलेली मशक जमिनीवर टेकवली आणि ओढणीनं तोंड पुसलं.

"खाला, तू घरी जा," शाहनजर म्हणाला. त्याच्या आवाजात हुकूम नव्हता, विनवणी होती.

"जाते. आधी याला लिहू दे." ती मुन्शीकडे वळली. तिनं पश्चिमेला हात केला आणि तो खाली घेतला नाही.

"ही नदी नाही, मुन्शीजी. हे आम्ही ओतलेलं पाणी आहे. नदी तिकडे आहे, माझ्या लेकीच्या वाटेत."