कडू मधाची बरणी

“डोळे मिटल्याशिवाय चव कळत नाही का?” दुकानदाराने विचारलं.

“कळते की,” बायको म्हणाली. डोळे तिने उघडले नाहीत.

काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस हसला. गिऱ्हाइकं त्याला फिरस्ता म्हणत. जिथे गाडी अर्ध्या वाटेवर सोडून चालत जावं लागतं, अशा डोंगरामागच्या वस्त्यांतून तो मध हुडकून आणायचा आणि या दुकानाला द्यायचा. या खेपेला एकच छोटी बरणी होती. पानगळ सुरू झाल्यावर फुलणाऱ्या एका झाडाचा हा मध. तेव्हा हवा गार असते, पाऊस असतो, माश्या पोळ्याबाहेर पडायला राजी नसतात. बहुतेक वर्षी तो मिळतच नाही.

“वहिनी, थुंकू नका हं. थांबा जरा,” फिरस्ता म्हणाला.

“थुंकतेय कशाला.”

मग बराच वेळ ती गप्प होती. शेवटी डोळे उघडून तिने फिरस्त्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यानेही हलवली.

“दादा, तुम्ही घ्या ना चमचाभर.”

“मला काय, कडू-गोड सारखंच,” दुकानदार म्हणाला आणि वजनकाट्याकडे वळला.

तसं मधातलं त्याला पुष्कळ कळत होतं. काचेवर थेंब ठेवून नळीतून पाहिलं की त्यात पाणी किती, हे तो सांगायचा. कुठला मध लवकर गोठतो, कुठल्याचे कण जाड, कुठला लोण्यासारखा मऊ, सगळं तोंडपाठ. जीभ मात्र बायकोची. त्याने स्वतः शोधून आणलेला मध ती उभ्याउभ्या चाखायची आणि चमचा धुवायला टाकत म्हणायची, “चांगला आहे.” फिरस्ता येणार असला की ती आधी पाणी प्यायची, स्टूल ओढून बसायची. एकदा तर तिने सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. चहाने जीभ जड होते, हे कारण त्याला पटलं होतं. पटूनही तो दिवसभर त्या न प्यालेल्या कपाचा विचार करत राहिला.

फिरस्त्याच्या वागण्यावर बोट ठेवायला जागा असती तर बरं झालं असतं. तो घरच्यांची चौकशी करायचा, वेळेवर निघायचा. दोघांमध्ये काही नव्हतं. फक्त एक चव होती, आणि दुकानदार तिच्या बाहेर उभा होता.

थंडी वाढली तशी बरणी गोठली.

“आज ते येतायत. जरा कोमट पाण्यात ठेवता का?” बायको म्हणाली. “चाळिसाच्या वर नको. वास उडतो.”

“मला शिकवतेस?”

“नाही हो, आपलं सांगितलं.” पिशवी घेऊन ती बाजारात गेली.

गोठलेला मध सैल करायला मागच्या खोलीत पाण्याचा टब होता. त्याला तापमानाचं बटण होतं. त्याने ते चाळीसवर लावलं, बरणी आत ठेवली. परत फिरताना त्याला टेबल दिसलं. धुतलेल्या रुमालावर चमचे मांडून ठेवले होते. दोन.

तो टबाकडे गेला आणि बटण जाईल तिथवर फिरवलं. मग बाहेर येऊन वजनकाटा पुसत बसला. परत गेला तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि बरणीतला मध काळसर, स्वच्छ, दिसायला फार सुरेख झाला होता. त्याने बरणी गार केली, कोरडी केली, चमच्यांशेजारी ठेवली.

दुपारी फिरस्ता आला. बायकोने चमचा तोंडात घातला, आणि लगेच काढला.

“टब कितीवर होता हो?”

“चाळीसवर.”

तिने बरणी फिरस्त्यापुढे सरकवली. त्याने चाखलं. मग वर पाहिलं, ते तिच्याकडे नाही, दुकानदाराकडे. दुकानदार वाट पाहत होता. आता बोलेल.

“चूक माझीच आहे, वहिनी,” फिरस्ता म्हणाला. “आणताना बरणी गाडीत उन्हात राहिली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“उन्हात?”

“हो. तापली असणार.” त्याने चमचा रुमालावर ठेवला. “येतो, दादा.”

तो चहाला थांबला नाही.

“बघ, एवढा मोठा जाणकार,” दुकानदार थोड्या वेळाने म्हणाला. “उन्हात बरण्या ठेवतो.”

“अहो, त्या दिवशी याच बरणीतला चाखला होता मी. तापलेला असता तर तेव्हाच कळलं नसतं मला?”

तो काटा पुसत राहिला.

“खोटं बोलले ते. तुमच्यासाठी.” ती शांतपणे म्हणाली. “आता नाही यायचे.”

“का नाही यायचा? माल द्यायचाय त्याला.”

“दुसरीकडे देतील.”

रस्त्यावरून कुणी सायकल घेऊन गेलं. दुकानदार पुसायचा थांबला.

“कसा लागत होता?”

“आता कशाला?”

“सांग ना.”

ती जरा वेळ चमच्याकडे पाहत बसली. “आधी काहीच लागत नाही. मग कडू. काकडीच्या देठाकडचा भाग असतो ना, तसा. वाटतं, फसलो. आणि आपण आशा सोडली की मग गोड येतो, उशीर झालेल्या पाहुण्यासारखा, चपला हातात घेऊन, हळूच.”

“मग?”

“मग काय. मग बोलावंसं वाटत नाही.”

त्याने तिचाच चमचा उचलला आणि बरणीत बुडवला. तोंडात धरून तो कडू येण्याची वाट पाहत थांबला. गिळून झाल्यावरही थांबला.

“लागलं काही?” तिने विचारलं.

“गोड.”

“हं.” ती उठली. “बेकरीच्या डब्यात ओता तो. वाया नको जायला.”

बेकरीला जाणारा मोठा डबा मागच्या खोलीत होता. त्याने बरणी उपडी धरली. फिकट मधात एक गडद रेघ उतरली आणि तशीच राहिली. घट्ट मध एकमेकांत लगेच मिसळत नाहीत. ढवळलं असतं तर क्षणात मिसळले असते. पळी हाताशीच होती. त्याने ढवळलं नाही.