भट्टीला विश्रांती

दसऱ्याची सुट्टी संपवून संघमित्रा मुलुंडच्या प्रयोगशाळेत शिरली आणि भट्टीवरचा तापमानाचा आकडा पाहून दारातच थबकली. एव्हाना तो निम्म्यावर उतरायला हवा होता. तो पार वर, जिथून सुरुवात केली होती तिथेच जाऊन बसला होता.

आत प्लॅटिनमची मूस, मुशीत वितळलेला क्षार आणि क्षारात विरघळलेली खनिजाची पूड. भट्टी मुंगीच्या पावलांनी थंड झाली, तर त्यातून एक सलग स्फटिक वाढतो. घाई केली की चुरा होतो, पुन्हा तापवली की वाढलेलंही विरघळतं. या कामात माणसाची सगळी हुशारी नुसती वाट बघण्यात जाते. संघमित्राचा आधी दोनदा चुरा झाला होता. ही शेवटची खेप. दिवाळीनंतर भट्टी प्रयोगशाळेतल्याच सुहासिनी मॅडमच्या कामाला जाणार होती, प्रबंधाची मुदतवाढ संपत आली होती, आणि स्फटिकाशिवाय कसला आलाय प्रबंध!

भट्टीच्या दारावर हळदकुंकवाची बोटं होती. बटणांच्या पेटीवर झेंडूची सुकलेली माळ. तिला काय ते कळलं.

तेवढ्यात सुहासिनी मॅडम पेढ्यांचा डबा घेऊन आल्या.

"मॅडम, भट्टी कोणी बंद केली?"

"मीच गं. खंडेनवमीला यंत्राला विश्रांती नको का? तू विहारात गेलेलीस, म्हटलं तुझ्या वतीनं मीच पूजा करते. दहा मिनिटांत परत चालू केली की!"

"परत चालू केली की ती पहिल्यापासून तापते, मॅडम! सगळं विरघळलं. आता दिवाळीपर्यंत नव्यानं वाढायला वेळ कुठाय? वाट लागली माझी."

मॅडमचा चेहरा पडला. "अगं, तुझ्याच स्फटिकासाठी हात जोडले मी. शपथ."

त्या खोटं बोलत नव्हत्या. संघमित्राचा संताप त्यामुळे आणखीच वाढला. भांडायला समोर धड वाईट माणूसही नव्हता.

"मग तुमची पाळी मला द्या. एकच खेप."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "ते कसं जमेल गं? माझंही वर्षभराचं काम अडलंय ना."

"देवाकडे मागितलंत माझ्यासाठी," संघमित्रा म्हणाली. "आता ते तुमच्याच हातात आहे, तर तुम्ही देत नाही."

संघमित्राने भट्टी बंद केली आणि तिथेच स्टुलावर बसून ती रडली.