शत्रूच्या घरातला तारा

मी एक तारा बोलतोय. आभाळातला नाही, छातीवर लावायचा. काशाचा, पाच टोकांचा, वर जहाजाचा छोटा नांगर आणि निळी फीत. गुलामगिरीवरून अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण एकमेकींच्या जिवावर उठली, तेव्हा उत्तरेच्या आरमारातल्या शूर खलाशांसाठी मला घडवलं. माझ्या पाठीवर नाव कोरलं, एल्कना निकरसन.

लढाई मी पाहिलेली नाही. माझा जन्मच तिच्यानंतरचा. त्यामुळे मला पहिल्यापासून एकच उत्सुकता, या माणसानं असं केलं तरी काय?

एल्कना उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडचा मच्छीमार. मला त्याच्या छातीवर लावताना आरमाराच्या साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, की तोफेवरचे सोबती पडले तरी हा जखमी हातानं एकटाच तोफ भरत राहिला. गावानं टाळ्या वाजवल्या. एल्कना मात्र आपल्या बुटांकडे बघत उभा होता. घरी आल्या आल्या त्यानं मला गळ आणि दोऱ्यांच्या खणात टाकून दिलं.

त्याची बायको केझाया मला अधूनमधून बाहेर काढून पुसायची. ‘‘आज तरी लाव की रे. माझ्या हीमनसाठी लाव.’’

हीमन तिचा धाकटा भाऊ. त्याच तोफेवर, एल्कनाच्या शेजारी मेलेला.

‘‘टोचतो,’’ एवढंच म्हणून एल्कना होडीकडे निघून जायचा.

माझी टोकं तर चांगली बोथट आहेत. मग टोचत काय होतं? मी खणात पडल्या पडल्या विचार करायचो.

काही वर्षांनी, एका पावसाळी दुपारी दार वाजलं. दारात लाकडी पायाचा माणूस, बोलणं दक्षिणेकडचं. लाकूड घेऊन आलेल्या जहाजावर तो आचारी होता. नाव लुशियस फाँटेन.

‘‘एल्कना निकरसन इथंच राहतात ना?’’ त्यानं विचारलं. ‘‘दोरीला लटकत होतो तेव्हा मी त्यांना नाव विचारून घेतलं होतं.’’

एल्कना जाळं शिवत बसला होता. त्याचा हात थांबला. केझाया मला पुसता पुसता दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागली.

मग मला सगळं कळलं. त्या लढाईत लुशियस दक्षिणेच्या जहाजावर होता; त्याला आग लागून ते शरण आलं होतं. माणसं पाण्यात तडफडत होती. तोफ थंड झाल्यावर एल्कना दोर कमरेला बांधून खाली उतरला आणि पाय तुटलेल्या या माणसाला त्यानं ओढून वर घेतलं. साहेबांनी फक्त तोफेचं सांगितलं होतं. आणि एल्कनानं बायकोलासुद्धा काही सांगितलं नव्हतं.

केझायानं मला टेबलावर ठेवलं. ‘‘तुम्ही तोफेवर होतात?’’

‘‘होतो, बाई.’’

‘‘माझ्या भावाला लागलेला गोळा तुमचा?’’

लुशियसनं टोपी हातात घट्ट धरली. ‘‘देवाशपथ ठाऊक नाही. त्या बाजूला आमच्या तीन तोफा होत्या. एक माझी.’’

ती नवऱ्याकडे वळली. ‘‘हीमनला तसाच टाकून तू याला काढायला गेलास?’’

‘‘हीमन गेला होता, केझाया,’’ एल्कना हळूच म्हणाला. ‘‘हा ओरडत होता.’’

केझाया दोघांकडे पाठ करून चुलीकडे गेली. तिनं कालवण ढवळलं. मग न वळताच म्हणाली, ‘‘बूट काढा तो. भिजलाय. आणि बसा, माशांचं कालवण आहे.’’

त्यानंतर ते जहाज बंदराला लागलं की लुशियस जेवायला यायचा. केझाया त्याच्याशी फार बोलायची नाही. पण त्याच्या ताटात बटाटे जास्त पडायचे.

एल्कना गेला तेव्हाही लुशियस आला. दफनानंतर केझायानं मला त्याच्या हातात ठेवलं.

‘‘अहो, हा तुमच्या घरचा मान!’’ तो गडबडला.

‘‘इथं ठेवला तर गाव तोफेचीच गोष्ट सांगत राहील,’’ ती म्हणाली. ‘‘ती सगळ्यांना पाठ आहे. दुसरी सांगणारे तुम्ही एकटेच.’’

आता लुशियसही नाही. दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावर, त्याच्या मुलीच्या, ऑक्टेव्हियाच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझी फीत विटली, नाव पुसट झालं. शेजारीण परवाच फणकारली, ‘‘उत्तरेच्या यांकींचा बिल्ला मिरवतेस? त्यांनी तुझ्या बापाचा पाय नेला!’’

‘‘नेला,’’ मटार सोलता सोलता ऑक्टेव्हिया म्हणाली. ‘‘पण बाप परत दिला. मी त्या लढाईनंतर जन्मलेली आहे, मावशी.’’

तेव्हा मला पाहायला आलात, तर पाठीवरचं नाव वाचून लगेच निघू नका. ऑक्टेव्हियाला विचारा. ती मटार बाजूला ठेवून सांगेल.